चपळ संघटनेची घडण : गुडगाव, मारुती आणि लवचिकतेचे दोन अर्थ

प्रस्तावना

व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘अ‍ॅजाइल ऑर्गनायझेशन’ म्हणजे चपळ संघटना हा विषय बहुधा सॉफ्टवेअर कंपन्यांच्या उदाहरणांनी शिकवला जातो. स्प्रिंट, स्क्रम, रोज सकाळची उभ्याने घेतली जाणारी बैठक, भिंतीवरचा कामाचा फलक या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. हिंजवडी किंवा नोएडा येथे नोकरी करणारे कुणी घरात असेल, तर त्या रोजच्या बोलण्यातही येत असतील. त्यामुळे ही कल्पना नवी आहे, परदेशी आहे आणि संगणकाच्या क्षेत्रापुरतीच आहे, असा समज होतो.

हा समज पुरता खरा नाही. चपळ संघटनेमागचे बरेचसे विचार मोटारीच्या कारखान्यात तयार झाले. त्यांचा भारतातील पहिला मोठा प्रयोग दिल्लीच्या शेजारी, हरियाणातील गुडगाव येथे १९८० च्या दशकात झाला. तीस वर्षांनंतर तिथून जवळच, मानेसर येथे, याच प्रयोगाला मोठा तडा गेला. या टिपणात आपण हा इतिहास क्रमाने पाहणार आहोत. वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवावा : संघटना लवचिक झाली असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके कोण वाकलेले असते?

१. दोन प्रकारच्या संघटना

प्रथम संकल्पना स्पष्ट करून घेऊ. टॉम बर्न्स आणि जी. एम. स्टॉकर या दोन अभ्यासकांनी ब्रिटनमधील सुमारे वीस कंपन्यांचा अभ्यास करून १९६१ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. यांतील अनेक कंपन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या नव्या क्षेत्रात उतरण्याचा प्रयत्न करत होत्या. काहींना ते जमले, काहींना जमले नाही. त्याचे कारण शोधताना लेखकांनी संघटनेचे दोन नमुने सांगितले.

पहिला नमुना यांत्रिक संघटनेचा. यात प्रत्येकाचे काम आखून दिलेले असते, हुकूम वरून खाली येतो, माहिती खालून वर जाते आणि नियमपुस्तिकेला महत्त्व असते. दुसरा नमुना जैविक संघटनेचा. यात कामाच्या सीमा बदलत राहतात, ज्याला विषय कळतो त्याचे म्हणणे ऐकले जाते आणि सल्लामसलत आडव्या दिशेने, म्हणजे एका विभागातून दुसऱ्या विभागात, होत राहते.

विद्यार्थी येथे एक चूक नेहमी करतात. जैविक संघटना चांगली आणि यांत्रिक संघटना वाईट, असे ते उत्तरात लिहितात. बर्न्स आणि स्टॉकर यांचे म्हणणे तसे नव्हते. परिस्थिती स्थिर असेल तर यांत्रिक रचना उत्तम काम देते. परिस्थिती वेगाने बदलू लागली की ती अडखळते. म्हणजे संघटनेची रचना भोवतालच्या परिस्थितीशी जुळते की नाही, हा खरा मुद्दा आहे.

२. १९८० पूर्वीची भारतीय मोटार : चपळतेची गरजच नव्हती

हा मुद्दा आपल्याकडच्या मोटार उद्योगाला लावून पाहा. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाटच्या आराखड्यावरून तयार झालेली गाडी बनत असे. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसेडर बनत असे. ती ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीवरून घेतलेली होती. दोन्ही गाड्या मूळ रूपात फारसा बदल न होता दशकानुदशके विकल्या गेल्या.

याला व्यवस्थापकांचा आळस म्हणणे सोपे आहे, पण इतिहासाच्या दृष्टीने ते अपुरे आहे. किती गाड्या बनवायच्या ते परवाना ठरवत असे. आयातीवर कडक बंधने होती. ग्राहक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत असे. माल हमखास खपणारच, तर तो बदलण्याची घाई कुणाला असणार? परिस्थिती स्थिर होती आणि संघटना तिला साजेशी यांत्रिक होती. बर्न्स आणि स्टॉकर यांच्या सिद्धांतानुसार हे वागणे तर्कसंगतच ठरते. त्याचा तोटा सोसावा लागला तो ग्राहकाला.

३. जपानी वारसा : माग, धागा आणि थांबण्याचा अधिकार

आता काही काळ जपानकडे वळू, कारण गुडगावला आलेली पद्धत तिथली आहे.

साकिची टोयोडा यांनी असा यंत्रमाग तयार केला होता, की धागा तुटताच तो आपोआप थांबे. इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीच्या वाचकांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. धागा तुटूनही माग चालूच राहिला तर वाराच्या वार कापड सदोष निघते. दोष दिसला की तिथेच थांबायचे, हे तत्त्व पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात गेले. जुळणीच्या लाइनवरच्या साध्या कामगाराला दोष दिसला तर दोरी ओढून इशारा देण्याचा आणि गरज पडल्यास लाइन थांबवण्याचा अधिकार मिळाला. ताइइची ओनो यांनी याला दुसरे तत्त्व जोडले : पुढच्या टप्प्याला जे हवे, जेव्हा हवे, जेवढे हवे, तेवढेच मागच्या टप्प्याने बनवायचे. साठा कमी ठेवायचा, म्हणजे चूक लपून राहत नाही.

सुझुकी कंपनीचाही आरंभ मागापासूनच झाला. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये हमामात्सू येथे माग बनवण्याचा कारखाना काढला होता. मोटारी नंतर आल्या.

या पद्धतीला दोन आधार होते. एक होता गुणवत्तेचा. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी अभियंत्यांना आणि उद्योगप्रमुखांना संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणावर व्याख्याने दिली. १९६० च्या दशकात कामगारांची गुणवत्ता मंडळे सुरू झाली. दुसरा आधार पाठ्यपुस्तकांत अनेकदा सुटून जातो. १९५० मध्येच टोयोटा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. कामगारकपातीवरून मोठा संप झाला. बऱ्याच कामगारांना कंपनी सोडावी लागली, पण किइचिरो टोयोडा यांनीही अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. जे कामगार उरले, त्यांच्या नोकरीच्या कायमपणाबद्दल कंपनी आणि युनियन यांच्यात समझोता झाला. त्या बदल्यात कामगारांनी कोणतेही काम शिकण्याची आणि करण्याची तयारी दाखवली.

हा सौदा लक्षात ठेवा. कामगार लाइन थांबवायला किंवा कामाची पद्धत सुधारायला पुढे येतो, कारण सुधारणेमुळे आपलीच नोकरी जाणार नाही असा त्याला विश्वास असतो. या विश्वासाशिवाय सूचनापेटी रिकामी राहते.

४. गुडगावचा प्रयोग

संजय गांधी यांची मारुती लिमिटेड १९७१ मध्ये स्थापन झाली. गुडगावजवळ जमीन घेतली गेली, शेड उभ्या राहिल्या, पण लोकांच्या हाती गाडी आली नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कंपनी बंद पडली. जून १९८० मध्ये संजय गांधी यांचा विमान अपघातात मृत्यू झाला. त्याच वर्षी केंद्र सरकारने कंपनीची मालमत्ता ताब्यात घेतली आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये मारुती उद्योग लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली. भेल या सार्वजनिक कंपनीचे प्रमुख राहिलेले व्ही. कृष्णमूर्ती यांच्याकडे तिची सूत्रे आली. भारतीय प्रशासकीय सेवेतून आलेले आर. सी. भार्गव हे त्यांचे महत्त्वाचे सहकारी होते आणि पुढे कंपनीचे प्रमुख झाले.

ऑक्टोबर १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला. सुरुवातीला सुझुकीचा हिस्सा २६ टक्के होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाला देण्यात आली. म्हणजे करारापासून गाडीपर्यंत १४ महिने लागले. त्या काळच्या सरकारी कंपनीसाठी हा वेग विलक्षण होता.

हा वेग कुठून आला, हे पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे कारखान्यातली सामाजिक रचना. त्या काळी भारतीय कारखान्यात साहेबाचे कॅन्टीन वेगळे, कामगारांचे वेगळे असे. केबिन, शिपाई, दाराबाहेरचा दिवा ही अधिकाराची खूण होती. मारुतीत कामगारापासून प्रमुखापर्यंत सर्वांना एकच गणवेश ठरला. सर्वांनी एकाच कॅन्टीनमध्ये जेवायचे ठरले. अधिकाऱ्यांना बंद केबिनऐवजी मोकळ्या दालनात टेबले मिळाली. पाळी सुरू होण्याआधी सर्वांनी एकत्र व्यायाम करायचा, वेळेआधी जागेवर पोचायचे, असे शिरस्ते सुझुकीकडून घेतले गेले. जातीच्या आणि हुद्द्याच्या उतरंडीची सवय असलेल्या समाजात एका ओळीत ताट घेऊन उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हती. त्याचा व्यवस्थापकीय अर्थही होता. अभियंता लाइनवर जाऊ लागला, कामगाराला त्याच्याशी बोलता येऊ लागले आणि अडचण कागदावर चढून खाली उतरेपर्यंत थांबावे लागले नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शिक्षण. कामगारांच्या आणि पर्यवेक्षकांच्या तुकड्या जपानला पाठवण्यात आल्या. त्यांनी हमामात्सूच्या परिसरातील कारखान्यांत प्रत्यक्ष काम केले. परत आल्यावर त्यांनीच इतरांना शिकवले. एका कामगाराला अनेक कामे यावीत, ही अपेक्षा होती. सूचना योजना आणि गुणवत्ता मंडळे सुरू झाली.

तिसरी गोष्ट म्हणजे स्वायत्तता. कंपनी सरकारी असली तरी तिच्या व्यवस्थापनाला निर्णयाची मोकळीक मिळाली. यामागे राजकीय पाठबळ होते, हे मान्य केले पाहिजे. कोणत्याही सरकारी कंपनीला अशी मोकळीक मिळाली असती असे नाही. म्हणून ‘मारुतीने केले, मग इतरांना का जमले नाही?’ या प्रश्नाचे उत्तर केवळ गणवेश आणि व्यायामात शोधू नये.

५. पुरवठादारांचे जाळे

चपळ संघटना एकट्याने चपळ होत नाही. गाडीत हजारो सुटे भाग असतात. साठा कमी ठेवायचा तर पुरवठादार जवळ हवा, वेळेवर देणारा हवा आणि दोषरहित माल देणारा हवा. १९८३ मध्ये गुडगावच्या परिसरात असे पुरवठादार जवळजवळ नव्हते. सुरुवातीला बरेचसे भाग जपानहून येत.

मारुतीने पुरवठादार घडवले. काही कंपन्यांत तिने स्वतः भागभांडवल घातले, जपानी कंपन्यांचे तंत्रज्ञान मिळवून दिले, कारखाना जवळ काढण्यास सांगितले. आसने, पत्र्याचे दाबकाम, स्टिअरिंग, प्लॅस्टिकचे भाग बनवणाऱ्या कंपन्या अशा उभ्या राहिल्या. भारत सीट्स, जय भारत मारुती, सोना स्टिअरिंग, मशिनो प्लॅस्टिक्स ही त्यांतली काही नावे. गुडगाव, मानेसर, फरिदाबाद आणि धारुहेडा हा पट्टा देशातील मोठा मोटार विभाग बनला, त्याचे मूळ येथे आहे. पुणे जिल्ह्यातील पिंपरी, आकुर्डी आणि चाकणच्या भोवती लहान-मोठ्या कारखान्यांची जी साखळी तुम्ही पाहता, तिच्याशी याची तुलना करून पाहावी.

या रचनेतील एक पेच ध्यानात घ्या. मुख्य कंपनी साठा ठेवत नाही, तेव्हा बाजाराच्या चढउताराचा भार पुरवठादारावर जातो. पुरवठादार तो आपल्या कामगारांवर ढकलू शकतो. लवचिकता वरून खाली उतरते. जो सर्वांत खाली आहे, त्याला ती पुढे ढकलता येत नाही.

६. एक महिना, दोन घटना

१९९१ नंतर परिस्थिती बदलली. परवाना पद्धत सैल झाली. १९९२ मध्ये सुझुकीचा हिस्सा ५० टक्के झाला. दशकाच्या अखेरीस ह्युंदाईसारख्या परदेशी कंपन्यांच्या नव्या गाड्या बाजारात आल्या. मारुतीला प्रथमच खरी स्पर्धा जाणवली.

याच काळात प्रोत्साहनपर वेतनाच्या योजनेवरून युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात वाद पेटला. ऑक्टोबर २००० मध्ये कामावर येण्यापूर्वी चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर सही करण्याची अट घालण्यात आली. बहुसंख्य कामगारांनी ती नाकारली. हा संघर्ष जानेवारी २००१ पर्यंत चालला. त्यानंतरच्या काही वर्षांत स्वेच्छानिवृत्ती योजना आल्या आणि बरेच कायम कामगार बाहेर पडले. २००२ मध्ये सुझुकीचा हिस्सा निम्म्याहून अधिक झाला आणि २००३ मध्ये कंपनीचे समभाग जनतेला विकले गेले.

योगायोग असा, की गुडगावचा तो संघर्ष संपल्यावर महिन्याभराने, फेब्रुवारी २००१ मध्ये, अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ सॉफ्टवेअरतज्ज्ञ एकत्र जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइल जाहीरनामा लिहिला. कार्यपद्धती आणि साधनांपेक्षा माणसे व त्यांचा परस्परसंवाद मोलाचा, आखलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद मोलाचा, असा त्याचा आशय होता. सोबतच्या बारा तत्त्वांत आणखी दोन गोष्टी होत्या : संघाने आपले काम स्वतः आखावे आणि कामाचा वेग असा असावा की तो कायम टिकवता येईल.

या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण त्यांचे मूळ एकच होते. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ मध्ये होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांत नवी उत्पादने कशी तयार होतात यावर एक लेख लिहिला. रग्बीच्या खेळात सगळा संघ मिळून चेंडू पुढे नेतो, तसे हे संघ काम करतात, असे त्यांनी म्हटले. जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी १९९० च्या दशकात सॉफ्टवेअरसाठी स्क्रम ही पद्धत मांडली, तिचे नाव याच खेळातून आले. म्हणजे जपानी कारखान्यातून निघालेले दोन प्रवाह आहेत. एक मोटारीच्या रूपाने गुडगावला आला, दुसरा अमेरिकेला वळसा घालून सॉफ्टवेअरच्या रूपाने त्याच शहरातील काचेच्या इमारतींत पोचला.

७. लवचिकतेचे दोन अर्थ

येथे आपल्याला आणखी एका सिद्धांताची गरज आहे. ब्रिटनमधील जॉन अ‍ॅटकिन्सन यांनी १९८४ मध्ये ‘लवचिक कंपनी’ची संकल्पना मांडली. कंपनीला लवचिकता अनेक मार्गांनी मिळवता येते, असे त्यांनी दाखवले. त्यांतले दोन मार्ग आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहेत.

पहिली कार्यात्मक लवचिकता : तोच कामगार वेगवेगळी कामे करू शकतो. त्यासाठी त्याला शिकवावे लागते, टिकवून ठेवावे लागते, त्याचे ऐकावे लागते.

दुसरी संख्यात्मक लवचिकता : मागणी वाढली की माणसे घ्यायची, घटली की कमी करायची. त्यासाठी कंत्राटी, हंगामी किंवा प्रशिक्षणार्थी कामगार सोयीचे पडतात.

अ‍ॅटकिन्सन यांच्या चित्रात कंपनीच्या केंद्रात कायम, बहुकुशल कामगारांचा गाभा असतो आणि भोवती तात्पुरत्या कामगारांचे कडे असते. कड्यामुळे गाभा सुरक्षित राहतो. कागदावर हे नीट दिसते. पण गाभ्यातला आणि कड्यातला कामगार एकाच लाइनवर, शेजारी शेजारी, तेच काम करू लागले आणि पगारात मोठी तफावत असली, तर काय होते? याचे उत्तर मानेसरने दिले.

८. मानेसर, २०११–१२

मानेसरचा कारखाना २००७ च्या सुमारास सुरू झाला. तंत्राच्या दृष्टीने तो गुडगावपेक्षा आधुनिक होता. एकाच लाइनवर स्विफ्ट, ए-स्टार, एसएक्स-४ अशा वेगवेगळ्या गाड्या निघत. बाजाराची मागणी बदलली की गाड्यांचे प्रमाण बदलता येई. चपळ उत्पादनाचे हे चांगले उदाहरण होते.

कामगारांचे चित्र वेगळे होते. कायम कामगारांसोबत प्रशिक्षणार्थी, अ‍ॅप्रेंटिस आणि कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने होते. बहुतेक जण हरियाणा आणि शेजारच्या राज्यांतील खेड्यांतून आलेले, आयटीआय झालेले, विशी-पंचविशीतले तरुण होते. सुमारे ४५ ते ५० सेकंदांना एक गाडी लाइनवरून उतरत असे. चहाला साडेसात मिनिटे आणि जेवणाला अर्धा तास मिळे, त्यातच कॅन्टीन आणि स्वच्छतागृह उरकावे लागे, असे कामगारांनी सत्यशोधन करणाऱ्या संघटनांना आणि पत्रकारांना सांगितले. कॅन्टीन एकच होते, गणवेशाचा शिरस्ताही होता. मात्र १९८३ मध्ये ज्या गोष्टींनी बोलण्याची वाट मोकळी केली होती, त्यांच्यासोबत आता बोलायला वेळ उरला नव्हता.

जून २०११ मध्ये मानेसरच्या कामगारांनी वेगळ्या युनियनच्या मागणीसाठी कारखान्यातच ठिय्या दिला. तो १३ दिवस चालला. ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्राची अट आली आणि महिनाभर कामगार दाराबाहेर राहिले. ऑक्टोबरमध्ये कायम कामगारांनी पुन्हा काम थांबवले. त्यामागचे एक प्रमुख कारण असे, की समझोत्यानंतर कंत्राटी कामगारांना परत घेतले नव्हते. अ‍ॅटकिन्सन यांच्या चित्रातील गाभा आणि कडे येथे एकत्र आले होते. सिद्धांताने ही शक्यता गृहीत धरली नव्हती.

त्याच ऑगस्टमध्ये नव्या स्विफ्टची विक्री सुरू झाली होती. ग्राहक नोंदणी करून थांबले होते. अनेक प्रकारच्या गाड्या काढू शकणारी लाइन माणसांअभावी अडली होती.

२०१२ मध्ये नवी युनियन नोंदली गेली आणि वेतनकराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या. १८ जुलै २०१२ रोजी एका कामगाराच्या निलंबनावरून तणाव वाढला आणि कारखान्यात हिंसाचार झाला. जाळपोळीत मनुष्यबळ विभागाच्या महाव्यवस्थापकांचा मृत्यू झाला. अनेक अधिकारी जखमी झाले. त्या दिवशी आरंभ कसा झाला, याबद्दल व्यवस्थापनाचे आणि कामगारांचे म्हणणे परस्परविरोधी आहे. कारखान्याला टाळे लागले, ते सुमारे महिन्याने उघडले. पाचशेहून अधिक कायम कामगारांना काढून टाकण्यात आले. जवळजवळ दीडशे जणांवर खटला चालला. मार्च २०१७ मध्ये गुडगावच्या न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी १३ जणांना जन्मठेप दिली, आणि ११७ जणांची निर्दोष सुटका केली. सुटलेल्यांपैकी अनेकांनी तोवर काही वर्षे तुरुंगात काढली होती.

एक माणूस कामावर गेला आणि घरी परतला नाही. शंभरहून अधिक तरुणांचा आणि त्यांच्या कुटुंबांचा मोठा काळ हिरावला गेला. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकात या घटनेला बहुधा ‘औद्योगिक संबंध’ या वेगळ्या प्रकरणात टाकले जाते आणि चपळतेचे प्रकरण तिच्याशिवाय पूर्ण होते. या टिपणाचे म्हणणे असे आहे की ती दोन्ही एकाच प्रकरणाची पाने आहेत.

नंतर कंपनीने उत्पादनातील कंत्राटदारामार्फत घेतलेल्या कामगारांऐवजी ठरावीक मुदतीसाठी थेट कंपनीने कामगार घेण्याची पद्धत आणली. कंत्राटदार मधून गेला, मुदत मात्र राहिली.

९. इतिहासातून काय घ्यावे?

या इतिहासावरून ‘जपानी पद्धत फसवी होती’ किंवा ‘कामगारांनी प्रयोग बिघडवला’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. गुडगावच्या पहिल्या दशकाने भारतीय उद्योगाला बरेच दिले. चांगली गाडी वेळेवर मिळते, सुटे भाग देशात बनतात, साहेब आणि कामगार एका रांगेत जेवू शकतात, हे त्या प्रयोगाने दाखवले. तो काळ वाढीचा होता आणि बहुतेक कामगार कायम होते, त्यामुळे सौदा दोन्ही बाजूंना परवडत होता.

पुढे स्पर्धा वाढली तसा भर कार्यात्मक लवचिकतेकडून संख्यात्मक लवचिकतेकडे सरकला. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, कारण दोन्हींमुळे उत्पादन मागणीप्रमाणे कमीजास्त करता येते. पण पहिलीत कामगाराची समज संघटनेत साठत जाते. दुसरीत सात महिन्यांनी निघून जाणाऱ्या माणसाबरोबर ती बाहेर जाते. शिवाय ज्याची मुदत संपत आली आहे, तो दोष दिसला तरी दोरी ओढायला कचरतो. मग दोष शोधण्याची जी शक्ती या साऱ्या पद्धतीचा पाया आहे, तीच क्षीण होते.

तुमच्यापैकी अनेक जण उद्या सॉफ्टवेअर, बँक किंवा सेवाक्षेत्रात काम कराल. तिथेही हाच निकष लावून पाहता येईल. रोजची उभी बैठक संघाने आपले काम आखण्यासाठी आहे, की वरिष्ठाने हजेरी घेण्यासाठी? स्प्रिंटमध्ये किती काम घ्यायचे ते संघ ठरवतो, की ते आधीच ठरलेले असते? ‘हे चुकते आहे’ असे सांगणाऱ्याचे पुढच्या मूल्यमापनात काय होते? संघात बाहेरच्या एजन्सीकडून आलेली माणसे असतील, तर त्यांना बैठकीत बोलता येते का? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, की ती संघटना चपळ आहे की केवळ घाईत आहे, हे कळते.

सारांश

चपळ संघटनेची कल्पना बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्याच्या गरजेतून आली. तिची साधने जपानी कारखान्यांत घडली आणि तिथे ती नोकरीच्या सुरक्षिततेच्या समझोत्यावर उभी होती. गुडगावने १९८३ नंतर ती यशस्वीपणे स्वीकारली. २००० नंतर साधने राहिली, पण समझोता क्षीण झाला. मानेसरच्या घटनांकडे या क्रमातून पाहिले, म्हणजे चपळता ही तंत्राइतकीच विश्वासाची बाब आहे हे ध्यानात येते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. १९८० पूर्वीच्या भारतीय मोटार कंपन्यांची यांत्रिक रचना त्या काळच्या परिस्थितीशी सुसंगत होती, या विधानाची चर्चा करा.

२. कार्यात्मक आणि संख्यात्मक लवचिकता यांतील फरक मारुतीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

३. समान गणवेश आणि एकच कॅन्टीन यांचा १९८३ मधील परिणाम आणि २०११ मधील मर्यादा सांगा.

४. तुमच्या परिसरातील एखाद्या कारखान्यात, रुग्णालयात किंवा कार्यालयात कायम आणि कंत्राटी कर्मचारी एकत्र काम करतात का, ते पाहा. अडचण किंवा दोष वरिष्ठांना कोण सांगतो आणि कोण सांगत नाही, याची नोंद करून त्याची कारणे लिहा.